बर्फातली अनवाणी ओशिगे

जपानातल्या एदो शहराच्या कडेला, कामेइदोच्या उमेबागेला, म्हणजे थंडीतच फुलणाऱ्या जपानी प्लमच्या बागेला लागून गोन्रोकूचं चहाचं दुकान होतं. तिथे चहा द्यायला ओशिगे होती. तिशीला टेकलेली, अंगापिंडाने भरलेली, खणखणीत आवाजाची बाई. गेत्सुरेई नावाच्या नामवंत चित्रकाराने तिचं चित्र काढलं, आणि लाकडी ठशांवरून छापून ते गावभर विकलं गेलं. चित्रात काडीसारखी एक पोरगी छत्री घेऊन बर्फात अनवाणी उभी होती. हातात उमेची फुललेली फांदी, आणि कोपऱ्यात ‘कामेइदोची ओशिगे’ असं ठसठशीत नाव.

गिऱ्हाइकांची रीघ लागली. ओशिगे कुठे भेटेल, असं ती खुद्द ओशिगेलाच विचारत, आणि उत्तर ऐकून त्यांची तोंडं उतरत. धंदा हातचा जाईल म्हणून गोन्रोकू घाबरला. चेहऱ्याचं काही करता येत नव्हतं. निदान पाय तरी चित्रातल्यासारखे दिसू देत, म्हणून त्याने तिला छत्री देऊन दारासमोर बर्फात अनवाणी उभं केलं. आठवडाभरात तिची बोटं सुजून लालबुंद झाली. तेलाच्या एका रसिक व्यापाऱ्याने ती निरखून पाहिली आणि म्हणाला की, हा रंग थेट उमेच्या कळ्यांचा आहे; स्त्री आणि निसर्ग एकच, ते हे असं.

पुढे गेत्सुरेई दुसऱ्या चित्रासाठी आला. शेगडीवर पसरलेल्या दुलईत पाय घालून तो आत बसला, दार वीतभर उघडं ठेवलं आणि तिथून हुकूम सोडू लागला. मान कलती कर. कष्टी दिस. बर्फाचा कोवळा स्पर्श चेहऱ्यावर उमटू दे.

ओशिगेने छत्री मिटली.

“गुरुजी, मी पडले अडाणी. कोवळा स्पर्श म्हणजे कसा, ते जरा शेजारी उभं राहून दाखवता का?”

बघायला जमलेल्या मंडळींनी ही कल्पना उचलून धरली. एवढ्या लोकांत नाही कसं म्हणणार? गेत्सुरेईने मोजे काढले आणि बाहेर आला.

“डोळे मिटा,” ओशिगे म्हणाली. “एकरूप व्हायला बरं पडतं.”

त्याने डोळे मिटले. ओठ निळे पडले, दात वाजू लागले. तेलाचा व्यापारी वाकून त्याच्या पायांचा रंग पाहू लागला.

“काय वाटतंय, गुरुजी?”

“गार,” गेत्सुरेई म्हणाला, आणि एका पायावर उड्या मारत आत पळाला.

त्याच्या दुसऱ्या चित्रात बाई घरात होती, पाय दुलईत आणि बर्फ खिडकीबाहेर. जाणकारांना त्यात अंतर्मुख विरह दिसला. एदोच्या बायकांना उबदार पाय दिसले, आणि त्यांनी ते चित्र भराभर विकत घेतलं.

आता लोक बसलेली ओशिगे बघायला येऊ लागले. तेव्हा गोन्रोकूने तिला शेगडीपाशी बसवलं आणि उठू नकोस म्हणून बजावलं. मग विहिरीचं पाणी भरणं त्याच्याच गळ्यात आलं. बर्फात अर्ध्या वाटेवर बादल्या टेकवून तो धापा टाकायचा, तेव्हा ओशिगे आतून म्हणायची, “मालक, मान जरा कलती करा. फार सुंदर दिसताय.”