बिबियानाची माफी

माफी मागायला माणूस हात जोडून येतो. बिबियाना कुजूरच्या दारात आले ते हेलारियुसचे दोघं भाऊ काठ्या घेऊन आले, आणि त्यांच्यामागं प्रार्थनेचं पुस्तक काखेत मारून सिप्रियन मास्तर. मास्तर म्हणजे कोनसेरा गावचा प्रचारक. फादर महिन्यातनं एकदा येणार, बाकीच्या रविवारी देवाचं काम हाच बघणार.

"वैनी, आमच्या हेलारियुसला माफ केलं म्हण," थोरला इग्नास म्हणाला.

बिबियाना उखळात भात कांडत होती. तिनं मुसळ थांबवलं नाही.

पहिली काठी पाठीत बसली. दुसरी कोपरावर, तेव्हा मुसळ सुटलं. धाकट्यानं केसाला धरून तिला अंगणात आडवी पाडली आणि पोटात लाथ घातली.

"केलं का न्हाई माफ?"

"हळू रं, हळू," मास्तर म्हणाला. "तोंडावर नको. इस्टर झाला की मंगळवारी कोर्टात हुबं ऱ्हायचंय तिला. जज्जाला काय वाटंल?"

मारून मुटकून वैद्यबुवा करतात म्हणे. इथं मारून मुटकून ख्रिस्ताची लेक करायला निघाले होते. बाईच्या तोंडातनं रक्त आलं, पण शब्द आला नाही. दमले तेव्हा गेले. जाताना मास्तरनं "जय येशू" म्हणायचं सोडलं नाही, मेला!

झालं होतं ते असं. बिबियानाचा नवरा फुलजेंस आणि हा हेलारियुस सख्खे चुलतभाऊ. हेलारियुसचं रान वर, फुलजेंसचं खाली, मधे एक बांध. गेल्या आषाढात पावसानं ओढ दिली, रोपं पिवळी पडायला लागली आणि हेलारियुसनं वरचं पाणी अडवलं. फुलजेंसनं बांध फोडला. शिव्यागाळी झाली, आयाबहिणी निघाल्या, आणि हेलारियुस कुऱ्हाड घेऊन बांधावरनं खाली उतरला. पहिला घाव खांद्यावर. फुलजेंस पळायला गेला तर चिखलातनं पाय निघेना. तो गुडघ्यावर आला आणि दुसरा घाव मानेत बसला. लावणीच्या चिखलात तो कितीतरी वेळ हातपाय झाडत होता.

त्या दिवशी रानात अकरा बायका लावणीला आल्या होत्या. कोनसेऱ्यात लावणीची मजुरी कुणी कुणाला देत नाही. आज सगळ्या तुझ्या रानात, उद्या माझ्या. पोलीस आले तेव्हा अकराच्या अकरा म्हणाल्या, "आमी वाकून रोपं लावत हुतो, सायेब. आमाला काय दिसनार?" जे पाहिलं ते बिबियाना एकटीनं सांगितलं.

सात महिन्यांनी हेलारियुस जामिनावर सुटून आला आणि पंच बसले. ठरलं असं की हेलारियुस बोकड कापील, बिबियानानं त्याच्यासंगं एका पत्रावळीत जेवायचं आणि कोर्टात सांगायचं, धनी घसरून आपल्याच कुऱ्हाडीवर पडला. कोनसेऱ्याच्या डोक्यात एक पक्कं बसलंय: माफ केलं म्हणजे झालेलं पुसलं. कबूल नसंल तर तिच्या रानात यापुढं कुणी लावणीला उतरणार नाही. एकट्या बाईनं अडीच एकर कसं लावायचं? भाताबिगर खायचं काय? ते तिचं तिनं बघावं.

इस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात फादर पापकबुली ऐकायला आले. सुजलेलं कोपर सांभाळत बिबियाना गुडघ्यावर बसली.

"फादर, हेलारियुसला मी मनात रोज तोडते. आज मानेवर, उद्या पाठीवर."

"आणि?"

"आनि लई बरं वाटतं."

फादर म्हणाले, "हे सोडावं लागेल, बिबियाना."

"सोडीन. पर माफ केलं की कोर्टात खोटं बोलाया लागतं का?"

"कुणी सांगितलं?"

"मास्तरनं. म्हनतो, येशूनं खिळं ठोकनाऱ्यांनाबी माफ केलं."

"केलं. पण खिळे ठोकलेच नाहीत, असं नाही म्हणाला तो." फादरांचा आवाज चिडका झाला होता. "प्रायश्चित्त म्हणून हेलारियुससाठी प्रार्थना करायची. रोज."

"रोज? एकाडएक दिवस चालंल का?"

"रोज."

तिनं केली. दात ओठ खात केली.

शनिवारी सकाळी ती टोपली आणि नवऱ्याची कुऱ्हाड घेऊन रानात गेली. मोहाची फुलं वेचायची, येताना वाळकं लाकूड आणायचं. मोहाचं झाड फुलजेंस आणि हेलारियुस दोघांच्या वाटणीचं. झाडाखाली हेलारियुस पडला होता, एकटा, तोंड उघडं, दारूचा भपकारा सुटलेला. अंगावर फुलं गळत होती. आसपास चिटपाखरू नव्हतं.

बिबियानानं टोपली खाली ठेवली. कुऱ्हाड दोन्ही हातांनी वर उचलली. कोपरातनं कळ गेली, तरी उचलली. नऊ महिने हाच घाव तिनं मनात घातला होता, तिला जागा शोधावी लागली नाही.

पण घाव तिनं घातला तो मोहाच्या मुळात. पातं बोटभर आत गेलं आणि जाता जाता हेलारियुसच्या कानाची पाळी फाडून गेलं. गुरासारखा ओरडत तो उठला. गालावरनं रक्ताचा ओघळ, धोतर ओलं.

"वैनी, मारू नगं! पाया पडतो!"

"बस खाली," बिबियाना म्हणाली. "तुला मारायचं मी सोडलं. हीच माझी माफी. तुझं बोकड घाल चुलीत. पर मंगळवारी जे पाह्यलं ते समदं सांगनार."

"फाशी देतील गं मला."

"देतील न्हाईतर सोडतील, ते जज्जाचं काम. माझं काम झालं."

ती कुऱ्हाड उपटायला गेली तर निघेना. मग मात्र तिला रडू फुटलं. नवरा गेला तेव्हा रडली नव्हती इतकी रडली, दांडा धरून, मुळापाशी बसून. हेलारियुस रांगत आला. दोन हिसक्यांत त्यानं कुऱ्हाड उपटली. क्षणभर ती त्याच्या हातात होती. बिबियानानं मान वर करून त्याच्याकडं पाहिलं, पळाली नाही. त्यानं दांडा तिच्या बाजूला केला आणि कुऱ्हाड तिच्या हातात दिली.

मंगळवारी कोर्टात तिनं सांगितलं. पाणी, बांध, पहिला घाव, दुसरा घाव. हेलारियुसचा वकील जाडजूड माणूस, मिश्या पुसत उठला.

"बाई, तुम्ही ख्रिस्ती ना?"

"व्हय."

"तुमच्या धर्मात वैऱ्याला माफ करायला सांगितलंय. मग ह्याला माफ नाही केलंत?"

"केलं की."

"माफ केलंत आणि वर साक्ष देताय?"

"माझ्यापुरतं माफ केलं. मेला तो फुलजेंस. त्याच्या वाटचं मी कसं माफ करनार?"

वकील जज्जसाहेबांकडं बघून हसला. "माफ केल्याचा पुरावा काय, बाई?"

"ह्यो काय, जित्ता हुबा हाय तुमच्याम्होरं."

मागं बसलेल्यांतलं कुणीतरी खुदकन हसलं. वकिलाला काही उमगलं नाही. तो हेलारियुसकडं वळला. कानाला चिंधी बांधलेला हेलारियुस खाली बघत उभा होता.

"खरं बोलतीया ती," तो म्हणाला.

"गप ऱ्हा रं, हेलारियुस," इग्नास बाकावरनं ओरडला. शिपायानं त्याला दंडाला धरून खाली बसवलं.

"काय खरं बोलते?" जज्जसाहेबांनी विचारलं.

वकील पुढं होऊन त्याची बाही ओढायला लागला. हेलारियुसनं त्याचा हात झटकला, नाक पुसलं आणि आपण पाणी अडवलं तिथपासून सांगायला सुरुवात केली.