मंचुरियन मिळणार नाही

गुंडप्पा आडत्यांच्या घरी ताटं धुवायला फारसं पाणी लागत नसे. लिंगायताचं जेवण म्हणजे प्रसाद, आणि प्रसादातलं शीतसुद्धा टाकायचं नाही, हे वडिलांनी त्यांना मांडीला चिमटे काढून शिकवलं होतं. आता साठी उलटली, तरी गुंडप्पा जेवण झाल्यावर ताट बोटानं असं निपटून घेत की नंतर आलेली मुंगीसुद्धा शिव्या देत परत जावी.

अशा घरातली लेक अक्षरा सहा वर्षं चीनमध्ये शिकून, डॉक्टर होऊन लातूरला परत आली. पहिल्याच दिवशी तिनं जेवताना भाकरीचा एक तुकडा आणि चमचाभर वरण ताटात ठेवलं आणि हात धुतले. गुंडप्पांना वाटलं, प्रवासाचा शीण असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, महिन्यानंतरही तेच. रोज एक घास उरलेला. रुद्राणीबाई तो घास गुपचूप तोंडात टाकून ताट उचलत. गुंडप्पा बघून न बघितल्यासारखं करत. परदेशात शिकलेल्यांना इथं वेगळी परीक्षा द्यावी लागते, पोरगी त्या अभ्यासात बुडालेली. तिला काय टोकायचं? शिवाय विचारावं, तर उत्तर ऐकायची भीती. आज घरची भाकरी नकोशी झाली, उद्या घर नकोसं होईल, परवा आपण. धान्याच्या मोंढ्यात भल्याभल्यांना गप्प करणारा हा माणूस लेकीच्या ताटापुढं घाबरून गेला होता.

"अवो, सहा वर्सं तिकडचंच खाल्लंय लेकरानं," रुद्राणीबाई म्हणाल्या. "जिभंला तेच गोड लागत असंल."

मग काय! गुंडप्पांनी गावातली एक चायनीजची गाडी सोडली नाही. नूडल्स आणले, गोबी आणली, पिशवीतून रस्सा गळणारं लालभडक मंचुरियन आणलं. अक्षरा हसली.

"अप्पा, चव लई झकास हाय. पण हे आपलं लातूरचं चायनीज. तिकडं मंचुरियन म्हणलं तर कुणाला कळतसुद्धा न्हाई."

आणि मंचुरियनचा एक गोळा ताटात ठेवून ती उठली. झालं, गुंडप्पांचा चेहरा पुन्हा पडला.

अशात रेणापूरचे संगप्पा सोयाबीन घेऊन मोंढ्यात आले ते तणतणतच.

"मालक, नाक्याच्या पुढं नवं हाटेल निघालंय. बोर्डावर चायनीज लिवलंय अन् आत मंचुरियन न्हाई! म्हन्लं, मंग ठिवलंय काय? तर बटाट्याची भाजी. तीबी अर्धी कच्ची! नातवंडांना घिऊन गेल्तो, तसाच माघारी आलो."

"मंचुरियन न्हाईच म्हनला?" गुंडप्पांनी तराजूवरची नजर काढली.

"तसा बोर्डच लावलाय त्यानं."

गुंडप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी संगप्पांसाठी चहाच्या जोडीला भजीही मागवली. मंचुरियन मिळत नाही, म्हणजे माल अस्सल असणार!

रविवारी दुपारी तिघंही गेले. रस्त्याच्या कडेला पत्र्याची शेड, चार टेबलं, आणि दारावर पाटी: 'शुद्ध शाकाहारी. मंचुरियन मिळणार नाही.' गिऱ्हाईक एकही नव्हतं. मालक आणि आचारी एकच, मुखेडचा आनंदराज. कुठल्याशा वीज प्रकल्पावर चिनी इंजिनियर लोकांच्या मेसमध्ये त्यानं सात वर्षं त्यांच्या चिनी उस्तादाच्या हाताखाली काढली होती. अक्षरानं दोन-चार पदार्थांची तिकडची नावं घेतली, तसा तो उडालाच.

"ताई, दीड महिना झाला वाट बघून राहिलो. असं नाव घेणारं पहिलंच गिऱ्हाईक आलं."

बटाट्याच्या काडीसारख्या पातळ फोडी आल्या, आंबट, तिखट, करकरीत. मागून पांढरे लुसलुशीत चौकोन आले. अक्षरानं पहिला घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"तिकडच्या आमच्या खानावळीतल्या आजीच्या हातची चव हाय, अप्पा."

"हे पनीर का?" गुंडप्पांनी चौकोनाकडं बोट केलं.

"सोयाबीनचं हाय, मालक," आनंदराज म्हणाला.

गुंडप्पा बघतच राहिले. चाळीस वर्षं सोयाबीन पोत्यांनी विकलं, पण त्याची चव आज कळत होती. आणि चव होती बरं का! त्यांनी ताट निपटलं. आनंदराज आला, रिकामं ताट बघून त्याचा चेहरा पडला, आणि त्यानं डावभर वाढलं. गुंडप्पांनी तेही संपवलं. पुन्हा डाव. "बस बस," ते म्हणाले. पण आपल्याकडं 'बस' म्हणणाऱ्यालाच आणखी वाढायची रीत असल्यामुळं त्या शब्दाला काही वजन उरलेलं नाही. चौथ्यांदा ताट भरलं, तेव्हा गुंडप्पांनी बायकोकडं बुडत्या माणसासारखं पाहिलं.

अक्षरा पोट धरून हसत होती. "अप्पा, मोकळं ताट दिसलं की ते वाढणारच. त्यांच्या उस्तादाची शिकवण हाय. तिकडं ताट मोकळं म्हणजे पाहुणा उपाशी, यजमानाला कमीपणा. एक घास ठेवायचा. म्हणजे पोट भरलं, जेवण छान झालं."

गुंडप्पांचा हात थांबला.

"मंग घरी तू रोज ठेवतीस, ते?"

"मी ठेवते?" अक्षरा गोंधळली. मग तिला उमगलं. "आगं बाई! अप्पा, सवय लागली ओ. ती आजी डाव घेऊन डोक्यावर उभीच असायची. मला कळलंसुद्धा न्हाई. आईच्या हातचं खाऊन पोट रोजच भरतंय की!"

रुद्राणीबाईंनी पदर डोळ्याला लावला.

"आठ महिने झाले, बोलला का न्हाईत?" अक्षरानं विचारलं.

"मला वाटलं, तुला घर गोड लागंना," गुंडप्पा म्हणाले. एवढं एकच वाक्य त्यांना जड गेलं. अक्षरानं त्यांच्या दंडाला धरलं.

मग गुंडप्पांनी चौथं ताट खायला घेतलं. हळूहळू खात शेवटच्या घासापर्यंत आले. बोट दोनदा पुढं गेलं, दोनदा मागं आलं. साठ वर्षांत जे केलं नव्हतं ते त्यांनी केलं. घास तसाच ठेवून हात मागं घेतला.

आनंदराज आला. ताट पाहिलं. डाव टेबलावर ठेवून त्यानं दोन्ही हात जोडले.

"भरलं म्हना की मालकांचं पोट!" असं म्हणत तो खुशीत आत गेला.

त्याची पाठ वळताच अक्षरानं अप्पांचं ताट आपल्याकडं ओढलं, तो घास तोंडात टाकला, आणि मग त्यांचं आणि आपलं, दोन्ही ताटं बोटानं निपटून घेतली.