कल्हई गेलेली तपेली

मी एक जुनी तपेली आहे, मित्रांनो. पितळेची, वीस माणसांचं कोरड्यास, म्हणजे कालवण, शिजेल एवढ्या पोटाची, आणि थोडी थापाडी. थापाडी असल्याचं आधीच सांगून टाकते, म्हणजे मागाहून भांडण नको. माझ्या काही गोष्टींना तुम्ही हसाल, खुशाल हसा. पण श्रावणातल्या सोमवारची जी गोष्ट सांगणार आहे, तिच्यात मी चिमूटभरही वाढवलेलं नाही. तिथं वाढवायला जागाच नव्हती.

माझा जन्म उदगीरच्या एका तांबटाच्या दुकानात झाला. मला घडवताना त्याने हातोडीचे इतके घाव घातले की शेजारच्या शाळेतली पोरं त्या तालावर तीसपर्यंत पाढे शिकली. पुढे खजुरीच्या एका शेतकऱ्याने मला विकत घेतलं आणि लेकीच्या लग्नात आंदण म्हणून दिलं. ती लेक म्हणजे पार्वतम्मा. तिच्यासोबत मी सीमाभागातल्या भालकीला आले. माझ्या काठावर एका बाजूला कानडीत आणि दुसऱ्या बाजूला मराठीत तिचं नाव कोरलेलं आहे. कोरणाऱ्याला दोन्ही भाषा सारख्याच कच्च्या होत्या.

काय दिवस होते ते! एकदा माझ्यात येसराची आमटी उकळत होती. तिचा वास लातूरला निघालेल्या बसमध्ये शिरला आणि अख्खी बस स्टँडवरून माघारी वळून आमच्या दारात उभी राहिली. ड्रायव्हर दोन वाट्या पिऊन गेला. विश्वास नसेल तर त्या ड्रायव्हरला विचारा. फक्त तो आता कुठे असतो ते मला माहीत नाही.

दरवर्षी दिवाळीच्या आधी कल्हईवाला खाजासाब यायचा. अंगणात खड्डा करून तो भाता लावायचा, मला लालबुंद तापवायचा, नवसागराची पूड टाकून पांढऱ्या धुराचा लोट उठवायचा, आणि मग कथलाचा तुकडा आत फिरवून कापसाच्या बोळ्याने झरझर पुसून घ्यायचा. ही झाली कल्हई. कल्हईने मी आतून करडी, रुपेरी दिसायचे. जाताना तो दर खेपेला बजावायचा, "अम्मा, अंदर जोर से नक्को घिसो. कलई गई तो खट्टा नक्को पकाओ इस में."

हे नीट ध्यानात ठेवा, मित्रांनो. आंबट पदार्थ उघड्या पितळेला लागला की पितळ त्यात उतरतं. अन्न कळकतं, हिरवट पडतं, आणि खाणाऱ्याच्या पोटात मुरडा उठतो, ओकाऱ्या होतात. आंबट आणि पितळ यांच्यामध्ये ती करडी कल्हई तेवढी उभी असते. पातळ असते, पण असते.

मग घरात स्टील आलं, कुकर आला, आणि मी माळ्यावर गेले. वीस वर्षं. त्या काळात एका मांजरीने माझ्या पोटात तीन बाळंतपणं उरकली. तेवढाच काय तो उपयोग. वाईट वाटायचं, पण तक्रार कुणाकडे करणार?

मला खाली काढलं ते विरुपाक्षसरांनी. पार्वतम्माचे हे यजमान छत्तीस वर्षं शाळेत होते, हेडमास्तर म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर रक्तातली साखर वाढली आणि हातातला मोबाइलही. सकाळी उठून ते दुधी भोपळ्याचा रस प्यायचे आणि दिवसभर घराला आहार शिकवायचे. मैदा बंद झाला, साखर बंद झाली. एक दिवस त्यांनी जाहीर केलं की आजपासून घरात ज्वारी.

"मग काल काय खाल्लाव?" पार्वतम्मा म्हणाली. "जल्मापासून ज्वारीच खायलाव आपण. तुमच्या मोबाइलला आज कळलं व्हय?"

सरांना ते लागलं, पण मोहीम थांबली नाही. श्रावणाच्या सुरुवातीला त्यांनी ॲल्युमिनियमची भांडी हद्दपार केली. मग पितळेचे गुण सांगणारा कुठलातरी व्हिडिओ बघून मला माळ्यावरून उतरवलं. मी आनंदाने इतकी खणखणले की तीन गल्ल्यांतली कुत्री भुंकली.

त्या आठवड्यात पार्वतम्मा खजुरीला माहेरी गेली होती, भावाची तब्येत बघायला. घरात सर आणि सून सुधारानी असे दोघंच. मुलगा वीरेश कडगंचीला नोकरीला, त्या शनिवार-रविवारी तो येणार नव्हता. सुधारानीला सातवा महिना होता.

सरांनी चष्मा पुसला, मला उन्हात धरलं आणि आत डोकावले. आतला करडा थर बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"सुधा, हे बघ. आतून ॲल्युमिनियमचा मुलामा मारलाय कुणीतरी. भेसळ."

"मामा, अत्तींना इचारायचं का? त्यांचं भांडं हाय." अत्ती म्हणजे सासू.

"तिला काय विचारायचं? समोर दिसायलंय की."

मी आतल्या आत ओरडले, पण तपेलीचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? दोन दिवस ते ओट्यावर बसून मला घासत होते. आधी राख आणि लिंबू, मग तारेची घासणी, शेवटी रंगाच्या दुकानातून आणलेला पॉलिश पेपर. खाजासाबच्या हातची शेवटची कल्हई करड्या चुऱ्यासारखी फरशीवर पडत गेली. रविवारी संध्याकाळी मी आतून सोन्यासारखी झाले. मित्रांनो, इतकी सुंदर मी कधीच दिसले नव्हते, आणि इतकी भ्याले पण नव्हते.

भात शिजवा, मनात म्हणत होते. दूध तापवा, कण्या करा. काही होणार नाही.

सोमवारी अय्या जेवायला यायचे होते. अय्या म्हणजे आमच्या घरचे जंगम गुरू. श्रावणातल्या एका सोमवारी ते आमच्याकडे जेवतात. सकाळी सुधारानीने पिशवीतून भाजी काढली आणि माझा काठ गार पडला. पुंडी होती. तुम्ही हिला अंबाडी म्हणाल. हिरवीगार, कोवळी, आणि चिंचेलाही मागे टाकील इतकी आंबट.

"मामा, पुंडी स्टीलमंदी करते. लई आंबट असती."

"अगं, पितळेत कर. बाळाला जस्त मिळेल, तांबं मिळेल. गोळ्या खाऊन मिळतं का ते?"

सात वाजता पुंडी माझ्यात पडली. तुरीची डाळ पडली, ज्वारीच्या कण्या पडल्या, वरून लसणाची फोडणी. आचेवर होते तोवर मी सोसलं. पण आठ वाजता गॅस बंद झाला, झाकण बसलं, आणि भाजी मुरायला ठेवली. पुंडी जितकी मुरेल तितकी चवीला चढते, हे आमच्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. त्या दिवशी ती मुरत होती आणि मी झिजत होते. आंबटपणा माझ्या अंगाला कसा चावत होता ते सांगून कळायचं नाही. झाकणाखाली, काठाच्या जवळ, भाजीला हिरव्यावर हिरवी रेघ धरू लागली. पुंडीच्या हिरव्यात ती कुणाला दिसणार?

तुम्ही म्हणाल, शिजवताना सुधारानीला चव कळली नाही का? तीच तर अडचण होती. अय्यांचं जेवण होईपर्यंत आमच्या घरात कुणी पदार्थ चाखत नाही. मीठसुद्धा अंदाजाने. चव घेतली की ते उष्टं. सुधारानी लग्न होऊन आली त्या दिवसापासून हेच पाळत आली होती.

साडेदहाला ती स्वयंपाकघरात आली. सकाळपासून नुसत्या चहावर होती. तिने दाराकडे बघितलं, झाकण उचललं. डोहाळेच आंबटाचे, त्या वासाने तिचं तोंड सुटलं. तिने वाटी घेतली. डावभर भाजी वाटीत पडली. चमचा भरला. ओठापाशी गेला.

मी काय काय केलं म्हणून सांगू? एरवी मी तुम्हाला सांगितलं असतं की मी उडी मारून तिच्या हातातली वाटी पाडली. पण आज थाप नाही. मी जागची हललेसुद्धा नाही. भांड्याला हलता येत नाही.

देवघरातून सरांचा आवाज आला, "सुधा, अय्या जेवल्याबिगर काही न्हाई हं. केळ खा पाहिजे तर."

तिने जीभ चावली, चमचा परत वाटीत टाकला, वाटी माझ्यात रिती केली आणि केळ सोलत बाहेर गेली. सरांना माहीतही नव्हतं त्यांनी काय वाचवलं ते.

आता माझी सगळी आशा खजुरीच्या रस्त्यावर होती. पार्वतम्मा जेवणाच्या वेळेला पोचते म्हणाली होती. बारा वाजले. अय्या आले, पाय धुतले, पाटावर बसले. सव्वाबारा झाले. सर म्हणाले, "बस लेट झाली असेल. आपण वाढून घेऊ." पान मांडलं गेलं. भाकरी वाढली, शेंगाचटणी वाढली, दही वाढलं. शेवटी मला उचलून पानाशेजारी आणलं. सुधारानीने झाकण काढलं आणि पहिला डाव अय्यांच्या पानात पडला.

त्याच वेळी दार वाजलं. पार्वतम्मा पिशवी टेकवत आत आली. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर तिला जवळचं धूसर दिसतं. पण तिचं नाक अजून तरणं आहे. उंबऱ्यातच ती थांबली.

"कशाचा वास यायलाय ह्यो?"

"पुंडीचा, अत्ती. तुमच्या तपेलीत केलीय."

"पुंडीचा न्हाई. कळकल्यावानी यायलाय."

"पितळेचा आहे तो," सर म्हणाले. "शुद्ध पितळेचा. तू बस आधी."

अय्यांनी मंत्र म्हणायला डोळे मिटले होते. पार्वतम्मा पुढे आली, सुनेच्या हातातला डाव घेतला आणि बोटभर भाजी स्वतःच्या तळहातावर घेतली. पंचेचाळीस वर्षं तिने या घरात अय्यांच्या आधी मिठाचा खडा जिभेवर ठेवला नव्हता.

"अगं, काय करायलीस?" सरांचा आवाज चढला. "अय्या जेवले नाहीत अजून."

"आदी त्यांना खाऊ घालू आन् मग बघू व्हय?"

तिने तळहात चाटला. मग दाराबाहेर जाऊन थुंकली, चूळ भरली, परत आली.

"अय्या, पानाला हात लावू नका. सुधा, तू खाल्लीस का?"

"न्हाई, अत्ती."

"खरं सांग. रागवत न्हाई मी."

"खरंच न्हाई. वाटीत घेतली होती. मामांनी आवाज दिला म्हनून ठिवली."

पार्वतम्मा माझ्यापाशी खाली बसली. तिने भाजी दुसऱ्या भांड्यात ओतायला लावली, माझ्या पोटात हात घातला आणि बोटांनी आतली भिंत चाचपली. खडबडीत, उघडी, पॉलिश पेपरच्या ओरखड्यांनी भरलेली.

"कल्हई कुटं गेली?"

"मला वाटलं ॲल्युमिनियम आहे," सर म्हणाले.

"कथील होतं. त्याच्यासाठी खाजासाब दरसाल येऊन भाता मारायचा. तुमी ओट्यावर पेपर वाचत बसायचा अन् धूर आला म्हनून त्याला रागवायचा. आठवतंय का?"

सरांची नजर सुनेच्या पोटाकडे गेली, आणि त्यांनी चष्मा काढून हातात घेतला. अय्यांनी पान बाजूला सारलं आणि दही-भाकरी मागून घेतली. खाता खाता म्हणाले, "सर, आज अम्मांनी उष्टं केलं म्हणून मी माझ्या पायांनी घरी जायलोय."

भाजी सरांनी स्वतः परसात खड्डा करून पुरली. सुधारानी खोरं घ्यायला गेली तर दिलं नाही.

त्याच संध्याकाळी ते कल्हईवाला शोधायला निघाले. खाजासाब मुलाकडे हैदराबादला राहतो, हात कापतात म्हणे त्याचे. शेवटी औरादकडचा एकजण मिळाला; त्याने पुढच्या आठवड्यातला गुरुवार दिला. तोवर सरांनी माझ्या पोटावर चिठ्ठी चिकटवली, कानडीत आणि मराठीत, हेडमास्तरच्या टपोऱ्या अक्षरात: 'यात आंबट करू नये.' खाली स्वतःची सही.

पण त्याआधीच रविवारी सुधारानीचं कुबस झालं. कुबस म्हणजे तुमच्याकडचं डोहाळजेवण. घर पाहुण्यांनी भरलं, स्वयंपाकघरात दहा अनोळखी हात फिरू लागले, आणि वाफेने माझी चिठ्ठी सुटून ओट्याखाली गेली. एका पाहुणीने मला उचलून म्हटलं, "चिंचेचं सार हिच्यात टाका की गं, किती लखलखीत हाय." चिंच भिजवलेली होती. हात माझ्या काठाला होता.

जरीची साडी सावरत सुधारानी आत आली. तिने ते बघितलं. चिठ्ठी शोधली नाही, कुणाला समजावत बसली नाही. कोपऱ्यातल्या पोत्यातून सुपाने ज्वारी काढली आणि मला गळ्यापर्यंत भरून टाकलं.

"ही भरलेली हाय, काकू," ती म्हणाली. "स्टीलचं घ्या."

मित्रांनो, तुमच्या घरच्या माळ्यावर माझी एखादी बहीण असेल तर तिला जरूर खाली काढा. पण आधी तिच्या पोटात डोकावा. करडं दिसलं तर ते मळ समजून खरवडू नका. सोनेरी दिसलं तर खूश होऊ नका. कल्हई होईपर्यंत तिच्यात आंबट घालू नका. आणि काहीच उमजलं नाही तर त्या भांड्यात ज्या बाईने जन्मभर रांधलं तिला विचारा. ती माहेरी गेली असेल तर ती येईपर्यंत थांबा.

आज मंगळवार. मी पोटात ज्वारी घेऊन फळीवर बसले आहे. आत्ताच सुधारानी भाकरीसाठी दोन सुपं काढून नेली, आणि जाताना पोत्यातली तेवढीच परत भरून गेली.