शेजारचा ब्रेक

मास्तरांनी आरसा नीट केला, पट्टा लावला आणि गाडी अशी सफाईदार बाहेर काढली की शेजारी बसलेली परीक्षक मनात म्हणाली, चला, सुटले बाई.

तिला गाडी शिकवली होती ती याच मास्तरांनी, आणि याच गाडीत. शिकवण्या कधीच्या बंद झाल्या, तरी शिकवणाऱ्यासाठी बसवलेला शेजारच्या सीटपुढचा ब्रेक अजून तसाच होता. आता मास्तरांची पंचाहत्तरी उलटलेली. परवाना हवा तर चाचणी द्या, असा नियम. आणि चाचणी घ्यायला नेमकी हीच.

"परीक्षा माझी आहे ना गं? मग घाम तुला का फुटलाय?"

ती कसनुशी हसली. मास्तरांचा जीव कशात अडकलाय, हे तिला ठाऊक होतं. बायको डोंगरापलीकडच्या वृद्धाश्रमात. तिकडे बस जात नाही, मूलबाळ नाही, रोजची टॅक्सी परवडायची नाही. बाईंना आता कुणाची ओळख उरलेली नाही. दुपारी फाटकापाशी मास्तरांचा हॉर्न वाजला की मात्र बाई पर्स घेऊन उभ्या राहतात आणि त्यांच्या हातून चार घास खातात. एरवी तोंड उघडत नाहीत.

शाळेच्या कोपऱ्यावर एक बाई बाबागाडी ढकलत रस्त्यात उतरली. चांगली लख्ख दिसत होती. मास्तर समोरच बघत होते आणि गाडी तशीच पुढे चालली होती.

परीक्षकाने आपल्या पायाखालचा ब्रेक दाबला. गाडी गचकन थांबली. त्या बाईने दोघांचा उद्धार केला, आणि तिचं काही चुकलं नाही.

"वेळेवर दाबलात, मास्तर."

मास्तरांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. स्टिअरिंगवरून हात मात्र निघेनात.

"ब्रेकला माझा पाय लागलाच नव्हता. पेडल आपोआप खाली गेलं. तेवढं कळतं अजून मला."

"मास्तर..."

"तुलाही मी हेच म्हणायचो. शाबास, वेळेवर दाबलास! काय खुलायचीस तू!"

"मग आज मी म्हटलं तर काय बिघडलं? तुम्ही का गावभर भटकता? तिकडे जाता नि येता. मी पास लिहिते."

"अगं वेडे, मी खोटं बोलायचो, कारण दुसऱ्या दिवशी तुझ्या शेजारी पुन्हा मीच असायचो. उद्या माझ्या शेजारी कोण आहे?"

तिला रडू आवरेना. मास्तरांनी तिला रडू दिलं.

"नापास लिही. आणि आजच्या दिवस तिकडे ने मला. तिच्या जेवणाची वेळ झाली."

"आणि उद्या?"

मास्तर उतरले आणि गाडीला वळसा घालून शेजारच्या सीटवर येऊन बसले. उभा जन्म त्या सीटवर गेला होता. पुढ्यात त्यांचा ब्रेक होता. त्यांनी दोन्ही पाय मागे ओढून घेतले.

"हॉर्न तेवढा मला वाजवू दे," ते म्हणाले.