पतीच्या नावाचा रकाना

धुळ्याच्या आमच्या दवाखान्यात कॅन्सर संशोधन केंद्र काढायचं होतं. १९७२ साली सरकारी अनुदानाचा अर्ज परत आला. त्याला जोडलेल्या एक्केचाळीस रुग्ण बायांच्या फॉर्मवर पतीच्या नावाच्या रकान्यात मी ‘सुभाषचे वडील’, ‘मंदाचे वडील’ असं लिहिलं होतं.

“सिस्टर, हे काय?” डॉक्टरांनी विचारलं.

“बाया नवऱ्याचं नाव घेत नाहीत. माझी आईही घेत नाही.”

“अनुदान समितीला रुग्णानं स्वतः सांगितलेलं पूर्ण नाव हवंय. महिन्याच्या आत.”

मला संताप आला तो स्वतःचा. ज्या बाईचं तोंड उघडून मी गाठ बघते, तिला नवऱ्याचं नाव विचारायला मीच लाजले होते.

दुसऱ्या दिवसापासून एस.टी.नं गावोगाव फिरले. चाळीस जणी बोलल्या. कोणी भिंतीकडे तोंड करून, कोणी नवऱ्याला बाहेर पाठवून.

शेवटची कापडणे गावची झेलाबाई. तिच्या जिभेवर गाठ होती, मंगळवारी ऑपरेशन होतं. मी म्हटलं, “अक्का, केंद्र झालं तर तुमच्या सुनांना उपचारासाठी मुंबई गाठावी लागणार नाही.”

तिनं माझ्या हातातल्या फॉर्मकडे बोट दाखवलं.

“मंगळवारे मनी जीभ काढतीन ना? मंग आतेच लिखी ले.”

पदर सावरून ती म्हणाली, “झिपरू तानकू पाटील.”

मी लिहिलं, अंगठा घेतला, फॉर्म पिशवीत ठेवला. तरी तिनं तेच नाव पुन्हा घेतलं, गोठ्यात बैलांना पाणी पाजणाऱ्या तिच्या म्हाताऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.