उताणी कोळीण

मनस्विनीच्या टेबलावरच्या बरणीत केसाळ कोळीण उताणी पडली होती. हेब्बाळच्या तळ्याकाठी बिळातून काढलेली, सापडलेली एकुलती एक मादी. मेली, असंच मनस्विनीला वाटलं. आणि लगेच, शरम वाटावी असं, हायसंही वाटलं.

कारण आज तिला मारायचंच होतं. जात नवी की जुनी, हे मादीच्या पोटातल्या, नराचं बीज साठवणाऱ्या शुक्रकोषांवरून ठरतं, आणि ते पाहायला पोट उघडावं लागतं. "आज स्पिरिटमध्ये टाक, उगाच जीव लावून घेऊ नकोस," असं तिचे मार्गदर्शक नागनाथसर यांनी सकाळीच फोनवर बजावलं होतं. जीव तर कधीच लागला होता.

"मेली होय गं?" दारातून तिच्या आईनं, अनुसूयाबाईंनी विचारलं. कोळिणीसाठी झुरळं धरून आणायचं काम आईनं आपणहून अंगावर घेतलं होतं. "सुटली बिचारी. तुझ्या हातून पाप तरी टळलं."

मनस्विनीनं स्पिरिटची बाटली उघडली, चिमटा उचलला. आजवर तिनं ढीगभर कोळी तपासले होते, पण सगळे मेलेले; जिवंत सांभाळलेली ही पहिलीच. पोटावर श्वासाच्या चार फिकट चकत्या. दोन्ही सुळे कुदळीच्या पात्यासारखे सरळ खाली वळलेले. आणि पाय चांगले ऐसपैस पसरलेले!

मेलेल्या कोळ्याचे पाय आत मुडपतात.

"आई, जिवंत आहे! कात टाकतेय!"

"मग स्वल्प हळू ओरड की," म्हणत अनुसूयाबाईंनी खुर्चीच ओढली.

घट्ट बांगडीतून हात सोडवावा तसा एकेक पाय बाहेर आला. प्रौढ मादी कातीबरोबर शुक्रकोषांचं अस्तरही टाकते, हे वाचलेलं मनस्विनी साफ विसरली होती, ते आत्ता आठवलं! कात भिजवून तिनं जपून उलगडली आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. ओळखीच्या जातींत प्रत्येक कोषाला एकच बोंड असतं. इथे दोन-दोन!

फोटो पाहून सरांचा लगेच फोन आला. "अगं, ही नवीच दिसतेय! पोट कधी उघडलंस?"

"उघडलंच नाही, सर. तिनं आपणहून दाखवलं."

मागे अनुसूयाबाई झुरळ घेऊन उभ्याच होत्या.

"आत्ता नको आई. बघ, सुळे अजून पांढरे आहेत, मऊ."

"सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या आणि स्पिरिटच्या बाटलीचं बूच घट्ट लावून टाकलं.