धागा तोडायची मात्रा

भाचीने माझ्या लॅपटॉपवर चाली लिहायची तीन सॉफ्टवेअर टाकून दिली आणि म्हणाली, "मामा, तिन्ही वापरून बघ, मग एकच ठेव." मी शिंपी माणूस. चाळीस वर्षं मशीनवर गुणगुणत आलो, पण एकही चाल कधी लिहून ठेवता आली नव्हती.

पहिलं सॉफ्टवेअर दिसायला देखणं. त्यात चार-चार मात्रांची घरं होती. मी मशीनवर नेहमी गुणगुणतो ती चाल भरली, तर शेवटच्या घरातली माझी पाचवी मात्रा त्याने परस्पर कापली. आगाऊ कुठलं. दुसऱ्याने कापली नाही, पण ते घर लालभडक करून ठेवलं, गणिताच्या मास्तरांनी वही तपासावी तसं.

"मामा, एक मात्रा जास्तच झालीय," भाची म्हणाली. "चारात पाच कशा बसतील?"

"बसवायच्यात," मी म्हणालो. का, ते मलाही सांगता येईना.

तिसरं फुकटातलं, रंगरूपाने यथातथाच. त्याने एवढंच विचारलं, की या घरात पाच मात्रा ठेवायच्या का? मी हो म्हटलं आणि चाल वाजवली. डोक्यात होती तशीच्या तशी वाजली.

बायको खिडकीशी शर्टाला बटणं लावत बसली होती. त्या पाचव्या मात्रेला ती मान वर न करताच म्हणाली, "शिवण संपली. आता धागा तोडलात."

भाचीने उरलेली दोन सॉफ्टवेअर काढून टाकली.